व्हेनिसच्या दालनातला लात्व्हिया: देशाची ओळख कलेतून मांडतात ती कशी

व्हेनिस बिएनाले हे १८९५ साली सुरू झालेलं, साधारण दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन. बाहेरून ते एक वाटतं, पण आत दोन वेगळी प्रदर्शनं चालू असतात. पहिलं मुख्य प्रदर्शन. त्याचा क्युरेटर बिएनाले नेमते आणि तो जगभरातून कलावंत निवडतो. २०२२ साली या भागात २१३ कलावंत होते. दुसरा भाग देशांच्या दालनांचा. त्याच वर्षी ८० देशांनी आपापली दालनं मांडली होती. या दालनांवर बिएनालेचा क्युरेटर हुकूम चालवत नाही. कोणाला पाठवायचं, काय दाखवायचं, खर्च कुठून करायचा, हे ज्याने त्याने ठरवायचं.

दालनाच्या दारावर देशाचं नाव असतं आणि आत बहुतेक वेळा एक किंवा दोन कलावंतांचं काम. ते बघून बाहेर पडणारा माणूस मात्र ‘लात्व्हिया पाहिला’ असं म्हणतो. एका माणसाचं काम संपूर्ण देशाच्या नावावर जमा होतं. मोठ्या देशांना याने फारसं बिघडत नाही, कारण त्यांच्याविषयी लोकांना आधीच बरंच ठाऊक असतं. बाल्टिक समुद्राकाठच्या लात्व्हियाची लोकसंख्या १९ लाखांच्या आसपास आहे; एकट्या पुणे शहरात याहून जास्त माणसं राहतात. अशा देशाबद्दल व्हेनिसमधल्या पाहुण्याच्या मनाची पाटी बहुधा कोरी असते, आणि तिच्यावर पहिली ओळ हे दालन लिहितं. ती ओळ कोण लिहितं, कशाने लिहितं आणि तिच्यातून कोण सुटून जातं, हे कळलं की या दालनांमधली एरवी दुर्बोध वाटणारी कला बरीच उलगडते.

आधी राज्य, मग दालन

व्हेनिसमध्ये देश म्हणून भाग घ्यायचा तर इटलीच्या सरकारने तुम्हाला देश म्हणून मान्यता दिलेली हवी. ती नसेल तर तुमचं प्रदर्शन ‘समांतर कार्यक्रम’ म्हणून भरतं. तैवानचं तसंच असतं. म्हणजे दालन मिळणं हीच मुळात राजकीय गोष्ट आहे. लात्व्हियाने १८ नोव्हेंबर १९१८ रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं. १९४० साली सोव्हिएत संघाने देश गिळला, १९४१ मध्ये नाझी जर्मनी आली, युद्धाच्या अखेरीस पुन्हा सोव्हिएत सत्ता आली आणि १९९१ सालच्या ऑगस्टपर्यंत टिकली. या काळात व्हेनिसमध्ये सोव्हिएत संघाची कला दिसायची ती जार्दिनी बागेतल्या, १९१४ साली वास्तुरचनाकार अलेक्सेइ श्चुसेव्ह यांनी बांधलेल्या रशियन दालनात. लात्व्हियाच्या नावाची पाटी तिथे कुठे नव्हती.

स्वातंत्र्य परत मिळाल्यावरही लगेच दालन उभं राहिलं नाही. बाल्टिक देशांपैकी एस्टोनिया १९९७ मध्ये आला, लात्व्हिया आणि लिथुएनिया १९९९ मध्ये. पहिल्या लात्व्हियन दालनात ओयार्स पेटरसोन्स, अनिता झाबिलेव्स्का आणि छायाचित्रकार इंता रुका यांचं काम होतं. २००५पासून या देशाने कलेची एकही बिएनाले चुकवलेली नाही. तुलनेसाठी, भारताचं पहिलं अधिकृत दालन २०११ साली झालं (क्युरेटर होते मुंबईचे कवी-समीक्षक रणजित होस्कोटे) आणि त्यानंतरचं थेट २०१९ मध्ये, गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने. त्या दालनात अतुल दोडिया, जितीश कल्लाट आणि शकुंतला कुलकर्णी असे मुंबईत काम करणारे कलावंत होते. सातत्य हा पैशाइतकाच इच्छेचा प्रश्न असतो, हे लात्व्हियाकडे बघून पटतं.

जागेचा प्रश्न मात्र उशिरा येणाऱ्या सगळ्यांनाच छळतो. जार्दिनीत बेल्जियमने १९०७ साली पहिलं कायमचं दालन बांधलं, दक्षिण कोरियाने १९९५ साली. त्यानंतर कित्येक वर्षं तिथे नव्या दालनाला जागाच मिळाली नाही. मग उरतात दोन वाटा. शहरातलं एखादं जुनं चर्च, हवेली किंवा गोदाम भाड्याने घ्यायचं. तिथे प्रवेश फुकट असतो, पण गल्लीबोळ आणि पूल ओलांडत तुम्हाला शोधत येणारा प्रेक्षक हवा. दुसरी वाट म्हणजे आर्सेनालेत, व्हेनिसच्या जुन्या जहाजबांधणी कारखान्यात, जागा घ्यायची. तिथे भाडं द्यावं लागतं, पण तिकीट काढून आलेला प्रेक्षक मुख्य प्रदर्शन बघता बघता तुमच्या दारावरून जातोच. लात्व्हिया आधी शहरात फिरत होता. २०१३पासून कलेच्या बिएनालेत तो आर्सेनालेत आहे. दालन किती लोक बघतील हे कलावंताच्या कीर्तीइतकंच या भाड्याच्या करारावर ठरतं.

निवडीची पद्धतही समजून घ्यायला हवी. लात्व्हियाचं सांस्कृतिक मंत्रालय खुली स्पर्धा जाहीर करतं. त्यात कलावंत एकटा उतरत नाही. कलावंत, क्युरेटर आणि आयोजक संस्था मिळून प्रस्ताव देतात. संकल्पना, जागेचा आराखडा, अंदाजपत्रक आणि प्रसिद्धीची योजना सगळं त्यात लागतं, आणि तज्ज्ञांची समिती निवड करते. याशिवाय प्रत्येक देशाला एक कमिशनर नेमावा लागतो. करार, पैसा, विमा यांची जबाबदारी त्याच्यावर. ‘देशाने अमुक कलावंत पाठवला’ या वाक्यामागे ही सगळी माणसं असतात. सरकार आपली आवड थेट लादत नाही हा या पद्धतीचा गुण. प्रस्ताव कागदावर चांगला लिहिता येणाऱ्यांचं फावतं, हा तिचा दोष. खुल्या स्पर्धा घेणाऱ्या सगळ्याच देशांत तो दिसतो.

लोककलेचे नमुने इतके कमी का?

लात्व्हियाजवळ राष्ट्रीय प्रतीकांची वाण नाही. क्रिश्यानिस बारोन्स यांनी संपादित केलेल्या दाइना या लोकगीतांच्या संग्रहात दोन लाख सतरा हजारांवर गीतं आणि त्यांचे पाठभेद आहेत. ती कागदाच्या छोट्या चिठ्ठ्यांवर लिहून खणांच्या कपाटात लावलेली आहेत आणि ते कपाट युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ यादीत २००१ साली गेलं. राजधानी रिगामध्ये १८७३पासून गाण्यांचा महोत्सव भरतो आणि हजारो माणसं एकाच वेळी गातात. हातमोज्यांवर विणलेल्या नक्षा आहेत, ओक आणि लिंडेनची झाडं आहेत, २३ जूनच्या रात्रीचा यानी सण आहे. मग व्हेनिसच्या दालनात हे सगळं थेट का दिसत नाही?

कारण सोव्हिएत काळाचा अनुभव. ‘रूपाने राष्ट्रीय, आशयाने समाजवादी’ हे स्टालिनच्या काळातलं अधिकृत सूत्र होतं. नक्षी चालेल, पोशाख चालेल, गाणंही चालेल, पण आत सांगायचं ते पक्षाचंच. गाण्यांचा महोत्सव सोव्हिएत काळातही बंद पडला नाही. कार्यक्रमात पक्षाची आणि मातृभूमी रशियाची गाणी घुसवली गेली. त्याच महोत्सवांत लोक मनापासून आपली जुनी गाणीही गात राहिले आणि पुढे स्वातंत्र्याची चळवळ गात गातच उभी राहिली. २३ ऑगस्ट १९८९ रोजी एस्टोनियातल्या टाल्लिनपासून रिगामार्गे लिथुएनियातल्या विल्निअसपर्यंत सहाशे किलोमीटरहून लांब मानवी साखळी झाली, ती याच बळावर. त्यामुळे प्रत्येक लोकप्रतीकाला दोन इतिहास चिकटलेले आहेत, प्रतिकाराचा आणि सरकारी सजावटीचा. माझ्या मते लात्व्हियन समकालीन कलावंत नक्षीपासून चार हात दूर राहतात ते यामुळे. त्यांना परंपरा नकोशी आहे असं मुळीच नाही. सजावट म्हणून वापरून घेतलं जाण्याची त्यांना सावध जाण आहे.

त्यांची स्वतःची परंपरा वेगळ्या ठिकाणी सुरू होते. १९८४ साली रिगाच्या सेंट पीटर चर्चमध्ये ‘निसर्ग, परिसर, माणूस’ नावाचं प्रदर्शन झालं. पर्यावरणाचा निरुपद्रवी विषय पुढे करून तरुणांनी तिथे मांडणशिल्पं आणि भव्य छापील चित्रं मांडली. अधिकृत चित्रकलेत या प्रकारांना जागाच नव्हती. १९८७ मध्ये मिएर्वाल्दिस पोलिस हा चित्रकार अंगाला, कपड्यांना आणि टोपीला कांस्य रंग फासून रिगाच्या रस्त्यांतून चालला. जिथे तिथे नेत्यांचे पुतळे असलेल्या शहरात एक पुतळा चालत निघाला, एवढंच ते कृत्य. १९८८ साली पश्चिम बर्लिनमध्ये लात्व्हियन नवकलेचं मोठं प्रदर्शन झालं. १९९९च्या दालनातले पेटरसोन्स याच पिढीचे. सांगायचं ते थेट न बोलता वस्तूतून, परिस्थितीतून सांगायचं, ही सवय तिथून आलेली आहे. व्हेनिसमधलं लात्व्हियन दालन बघताना हे लक्षात ठेवलं तर ‘यात देश कुठे आहे?’ हा प्रश्न सुटायला लागतो.

शेतकरी, झाड आणि गॅरेज

इंता रुका यांनी १९८०च्या दशकापासून रशियाच्या सीमेजवळच्या बाल्वी भागातल्या गावकऱ्यांची कृष्णधवल छायाचित्रं काढली. जुना रोलायफ्लेक्स कॅमेरा, तिपाई, खिडकीतून येणारा उजेड. या पद्धतीत शटर बराच वेळ उघडं राहतं, म्हणून माणसाला स्थिर बसावं लागतं, आणि स्थिर बसलेला माणूस कॅमेऱ्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. शिवाय रुका प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहून ठेवतात. माणूस नावानिशी, त्याच्या घरात आणि त्याच्या कुत्र्यासह उभा असतो. ‘लात्व्हियन शेतकरी’ नावाचा नमुना म्हणून नव्हे.

खेड्याचा विषय लात्व्हियात इतका हळवा का, यालाही कारण आहे. इथली शेतीची जुनी रीत म्हणजे गावठाणापासून दूर, आपापल्या शेतात एकेकटं उभं असलेलं घर. २५ मार्च १९४९ रोजी सुरू झालेल्या मोहिमेत काही दिवसांत ४२ हजारांहून अधिक माणसं मालगाड्यांतून सायबेरियाला पाठवली गेली, बरीचशी याच घरांतली. मागे राहिलेल्यांनी घाबरून सामुदायिक शेतीच्या कागदांवर सह्या केल्या. १९९१ नंतर जमिनी परत मिळाल्या. मग २००४ साली युरोपीय संघात प्रवेश झाला आणि तरुण कामासाठी आयर्लंड-ब्रिटनकडे निघाले. १९९०च्या सुमारास देशात साडेसव्वीस लाखांच्या आसपास लोक होते. तेव्हापासून संख्या घटतच आली आहे.

२०१३चं दालन हे सगळं समोर ठेवून बघावं. कास्पार्स पोदनिएक्स यांनी आपल्या द्रुस्ती गावातल्या शेतकऱ्यांची आणि दूधउत्पादकांची छायाचित्रं मांडली. माणसं ओळखीच्या शेतावर, कामाच्या कपड्यांत, पण जमिनीपासून वर अधांतरी. पायाखाली आधार दिसत नाही आणि चेहऱ्यावर आश्चर्यही नाही. त्याच दालनात क्रिश्श साल्मानिस यांनी मुळासकट उपटलेलं झाड उलटं टांगलं होतं, आणि ते यंत्राच्या साहाय्याने लंबकासारखं झुलत राहायचं. दालनाचं नाव होतं ‘उत्तरेकडून ईशान्येकडे’. पूर्व की पश्चिम, या प्रश्नावर लात्व्हियाचं शतक गेलं. तो प्रश्न भाषणाऐवजी झुलत्या वजनाने विचारला होता, आणि अंग चोरत त्याच्या बाजूने जाणाऱ्याला तो शब्दांशिवाय पोचायचा.

इथे तंत्राचंही बोलायला हवं. आर्सेनालेच्या विटांच्या भिंती आणि छपरं वारसा म्हणून जपलेली आहेत. हवं तिथे भोक पाडून हुक ठोकता येत नाही. म्हणून जड वस्तू टांगायची तर बहुधा जमिनीवर स्वतंत्र उभा राहणारा लोखंडी सांगाडा आणि त्यासोबत अभियंत्याचा सहीशिक्क्याचा हिशेब लागतो. झुलणारी वस्तू स्थिर वस्तूपेक्षा जास्त ओढ देते. दोन्ही बाजूंना तीस अंशांपर्यंत झुलणारं वजन सर्वांत खालच्या बिंदूवर आपल्या वजनाच्या सव्वापटीहून थोडा जास्त ताण देतं. आधारापासून वजनाचा मध्य सहा मीटरवर असेल तर एक पूर्ण झोका साधारण पाच सेकंदांचा. मोटरने नेमका त्याच ठेक्यात हलका धक्का द्यायचा. ठेका चुकला तर सांगाडा थरथरतो आणि जोड सैल पडतात. शिवाय झाड वाळत जातं, हलकं होतं, फांद्या मोडतात, वजनाचा मध्य सरकतो. हे सगळं आठवड्याचे सहा दिवस, सहा-सात महिने, कलावंत घरी परतल्यानंतरही चालू राहिलं पाहिजे. दालन राखणारी मुलं बहुतेक कलेचे विद्यार्थी असतात. यंत्र बंद पडलं तर काय करायचं, कोणाला फोन करायचा, कोणता बोल्ट दर आठवड्याला तपासायचा, हे त्यांना लिहून दिलं नाही तर उद्घाटनाला थक्क करणारं काम ऑगस्टमध्ये ‘दुरुस्ती चालू आहे’ या पाटीमागे जातं.

२०१५ साली कात्रीना नेइबुर्गा आणि आंद्रिस एग्लीतिस यांनी ‘काख’ नावाचं मांडणशिल्प केलं. जुनी लाकडं आणि टाकाऊ बांधकाम सामान जोडून उभारलेली वेडीवाकडी वास्तू, आणि तिच्या आत गॅरेजमध्ये रमणाऱ्या पुरुषांवरची चलतचित्रं. सोव्हिएत काळात शहराच्या कडेला गॅरेजांच्या रांगा होत्या. छोट्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला काहीतरी खुडबुड करायला, रेडिओ जोडायला, बायकामुलांपासून आणि सरकारपासून तासभर लांब राहायला तीच जागा. राष्ट्रीय ओळख म्हणून गॅरेज दाखवणं मला फार नेमकं वाटतं. राज्याने काय लादलं आणि माणसांनी त्यातून आपलं काय घडवलं, हे दोन्ही त्या एका खोलीत सापडतं.

चिनी माती आणि एक घर

सगळ्यांत जास्त थांबावं असं दालन २०२२चं. इंगूना स्कुया आणि मेलिसा ब्रेडन या दोघी ‘स्कुया ब्रेडन’ या जोडनावाने १९९९पासून एकत्र काम करतात. स्कुया लात्व्हियातल्या, ब्रेडन कॅलिफोर्नियातल्या. दोघी आयुष्यातही जोडीदार. क्युरेटर सोल्विता क्रेसे आणि आंद्रा सिलापेतेरे यांच्यासोबत त्यांनी ‘नदीकाठी पाणी विकणं’ नावाचं दालन केलं. चिनी मातीच्या तीनशेहून अधिक वस्तू, आणि मांडणी त्यांच्या स्वतःच्या घराच्या नकाशासारखी. लांबून सुबक भांडी दिसतात. जवळ गेल्यावर त्यांवर रंगवलेली शरीरं, राजकारण, बौद्ध प्रतिमा आणि घरगुती पसारा दिसू लागतो.

चिनी मातीच का, याचं उत्तर रिगाच्या इतिहासात आहे. १९व्या शतकात कुझनेत्सोव्ह यांच्या कारखान्याने रिगाला या मालाचं मोठं केंद्र केलं, आणि सोव्हिएत काळात रिगाची कपबशी घरोघरी होती. मधल्या काळात एक छोटं, तेजस्वी प्रकरण घडलं. १९२४ साली रोमान्स सुता, आलेक्सांद्रा बेल्त्सोवा आणि सिगिस्मुंड्स विद्बर्ग्स यांनी रिगात ‘बाल्तार्स’ नावाची चिनी माती रंगवण्याची कार्यशाळा काढली. खेड्यातले विवाहप्रसंग, लोकनक्षी आणि त्या काळची घनवादी मांडणी त्यांनी एकाच ताटावर आणली. १९२५च्या पॅरिसमधल्या आंतरराष्ट्रीय सजावटकला प्रदर्शनात या कामाला पदकं मिळाली. देश तेव्हा सात वर्षांचा होता, आणि जगासमोर त्याची ओळख ताटांवर गेली. ती घडवणाऱ्यांतल्या बेल्त्सोवा जन्माने रशियाच्या होत्या. सत्त्याण्णव वर्षांनी पुन्हा चिनी मातीच व्हेनिसला गेली आणि ती घडवणाऱ्यांतली एक जन्माने अमेरिकन होती. देशाची ओळख त्या मातीत जन्मलेल्यांनीच घडवली पाहिजे, ही समजूत लात्व्हियाच्या कलेने दोनदा खोटी ठरवली आहे.

माध्यम अवघड आहे. कठीण चिनी मातीत ढोबळ मानाने अर्धा भाग केओलिन माती, उरलेल्यात फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ. पहिली भाजणी ९०० ते १००० अंशांवर, मग झिलई, मग १३०० ते १४०० अंशांची मोठी भाजणी. ओल्या मातीपासून शेवटापर्यंत वस्तू साधारण १२ ते १५ टक्के आटते. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी नसेल तर ती असमान आटते आणि वस्तू वाकते. लांब, पातळ, लटकणारे भाग मोठ्या भाजणीत मऊ होऊन खाली झुकतात, म्हणून त्यांना त्याच मातीचे टेकू द्यावे लागतात. भट्टी घाईने उघडली तर थंड हवेने तडा जातो, कधी लगेच, कधी आठवड्याने. रंगांचा क्रमही ठरलेला. कोबाल्टचा निळा मोठी आच सोसतो, म्हणून झिलईखाली जातो. लाल, गुलाबी आणि सोनेरी सोसत नाहीत, ते झिलईवर लावून ७०० ते ८५० अंशांवर वेगळे भाजावे लागतात. रंगीत, तपशीलवार वस्तू तीन-चार वेळा भट्टीत जाते आणि दर वेळी फुटण्याची शक्यता घेऊन जाते. असं तीनशे वेळा करणं म्हणजे काय, हे दालनात उभं राहिल्यावर जाणवायला हवं.

आणि या घराला देशाच्या घटनेत जागा किती? २००६पासून लात्व्हियाच्या घटनेच्या ११०व्या कलमात विवाह हा स्त्री आणि पुरुष यांच्यातला, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. समलिंगी जोडप्यांना नोंदणीकृत भागीदारीचा मार्ग १ जुलै २०२४ रोजी मोकळा झाला. म्हणजे २०२२ साली देशाच्या नावाची पाटी एका अशा घरावर होती, ज्या घराला तोच देश कुटुंब म्हणून नोंदवत नव्हता. समितीने हा प्रस्ताव निवडला, मंत्रालयाने तो पाठवला, आणि ही विसंगती कोणी लपवली नाही. राष्ट्रीय दालन देशाबद्दल इतकं खरं क्वचितच बोलतं.

त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं. बिएनाले २३ एप्रिलला उघडली. रशियन दालनातले कलावंत आणि त्यांचे लिथुएनियन क्युरेटर काही दिवसांतच बाजूला झाले आणि दालन बंद राहिलं. लात्व्हियाचं काम तोवर घडून गेलेलं होतं, तरी ते बघणाऱ्यांचे डोळे बदलले. युक्रेनमध्ये घरं पडत असताना चिनी मातीचं घर वेगळंच दिसतं. ऑगस्टमध्ये रिगातला सोव्हिएत विजयाचा ७९ मीटर उंच स्तंभ पाडण्यात आला. देशात रशियन मातृभाषा असलेल्यांचं प्रमाण मोठं आहे, आणि सोव्हिएत काळात येऊन राहिलेल्या काहींकडे आजही ‘अ-नागरिक’ असा वेगळा पासपोर्ट आहे. व्हेनिसच्या दालनांत या लोकांचं जगणं मला फार कमी दिसलेलं आहे. लात्व्हियाच्या मांडणीतली ही सगळ्यांत मोठी मोकळी जागा, आणि ती दाखवून द्यायलाच हवी.

जिथे देश मागे सरतो

सगळीच दालनं देशाबद्दल बोलत नाहीत, आणि त्यांनी बोलावं अशी सक्तीही नको. २०१७ साली मिक्येलिस फिशेर्स यांनी ‘काय काय बिघडू शकतं’ या नावाखाली काळ्या लाकडावर बारीक कोरीवकाम दाखवलं. परग्रहवासी, सरडेमानव आणि कटकारस्थानांची भीती असे त्याचे विषय. २०१९ मध्ये पॅरिसमध्ये राहणाऱ्या दाइगा ग्रांतिन्या यांनी कापड, कृत्रिम पदार्थ आणि उजेड यांची वाढत जाणारी रूपं मांडली. २०२४ मध्ये आमांडा झिएमेले यांनी चौकट सोडून जागेत पसरणारे रंगवलेले कॅनव्हास आणले, क्युरेटर पोलंडचे आदाम बुदाक. या तिन्हीत ‘लात्व्हियन’ काय, असं विचारणाऱ्याला मी उलट विचारेन: जर्मन किंवा अमेरिकन दालनाला आपण हाच प्रश्न दर वेळी विचारतो का? केवळ चांगला चित्रकार म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क छोट्या देशाच्या कलावंतालाही आहे.

सामान नेताना, मजकूर लिहिताना

रिगा ते व्हेनिस रस्त्याने सुमारे दोन हजार किलोमीटर. दोन्ही देश युरोपीय संघात असल्याने सीमाशुल्काचे कागद लागत नाहीत. भारतातून नेताना मात्र परत आणायच्या वस्तूंसाठी एटीए कार्नेट हा सीमाशुल्काचा दस्तऐवज काढावा लागतो आणि परतीच्या वेळी यादीतला एकही नग कमी निघाला तर प्रश्न उभा राहतो. ट्रक व्हेनिस शहरात शिरत नाही. रस्ता संपतो तिथे पेट्या सपाट बोटीत चढतात. म्हणजे प्रत्येक पेटी जास्तीची दोनदा उचलली जाते, आणि मोडतोड बहुतेक याच हाताळणीत होते. नाजूक वस्तूंसाठी पेटीत पेटी, मध्ये वस्तूच्या आकाराचा कापलेला फोम, प्रत्येक नगाला क्रमांक, आणि निघताना व पोचल्यावर फोटोसह स्थितीची नोंद. ही नोंद नसेल तर विमा कंपनीपुढे काही सिद्ध करता येत नाही.

पाण्याचा धोकाही खरा. १२ नोव्हेंबर २०१९च्या रात्री भरती १८७ सेंटिमीटरवर गेली आणि प्रदर्शन तात्पुरतं बंद ठेवावं लागलं. ऑक्टोबर २०२०पासून समुद्राच्या मुखाशी उचलता येणारे बांध वापरात आहेत, तरीही विजेचे जोड जमिनीवर ठेवायचे नाहीत, ही तिथली शहाणी सवय. कामाचा पसाराही सहा-सात महिन्यांच्या खर्चाच्या हिशेबानेच आखावा लागतो. २०१९ साली लिथुएनियाने समुद्रकिनाऱ्यावरच्या संगीतनाट्यासाठी सर्वोत्तम दालनाचा सुवर्णसिंह जिंकला, पण गायकांचा रोजचा खर्च पेलणारा नव्हता. प्रयोग आठवड्यातले मोजकेच दिवस झाले आणि आणखी प्रयोगांसाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली.

भिंतीवरचा मजकूर हा छोट्या देशांच्या दालनांचा कच्चा दुवा. क्युरेटर तिथे आपली सगळी विद्वत्ता ओततात आणि पाहुणा दुसऱ्या ओळीवर निघून जातो. द्रुस्ती कुठे आहे, हे शेतकरी कोण आहेत, १९४९ साली काय झालं, एवढं चार वाक्यांत सांगितलं की अधांतरी माणसांचं चित्र उघडतं. संकल्पनेचं नाव मोठ्या अक्षरांत आणि वर्ष-गाव गायब, असा मजकूर दिसला की आयोजकांनी परदेशी समीक्षकासाठी लिहिलंय, तिकीट काढून आलेल्यासाठी नाही, असं खुशाल समजावं.

ही कामं व्हेनिसनंतर कुठे जातात? लात्व्हियाकडे स्वतंत्र समकालीन कला संग्रहालय अजून उभं राहिलेलं नाही. २०१६ साली त्याच्या वास्तूसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि वास्तुरचनाकार ॲडजाये यांच्या कार्यालयाचा आराखडा रिगातल्या भागीदारांसह निवडला गेला. प्रकल्पाच्या पाठीराख्यांत एबीएलव्ही ही बँक होती. २०१८ साली अमेरिकी अर्थखात्याच्या आरोपांनंतर ती बँकच गुंडाळावी लागली आणि संग्रहालय कागदावर राहिलं. तोवर ही कला बघायची तर २०१६ मध्ये नूतनीकरणानंतर उघडलेलं रिगाचं राष्ट्रीय कला संग्रहालय, समकालीन कला केंद्र भरवतं तो ‘सर्व्हायव्हल किट’ महोत्सव (तो २००९ सालच्या मंदीत रिकाम्या पडलेल्या दुकानांमध्ये सुरू झाला) आणि ‘किम?’ हे केंद्र. रिगाची चिनी माती बघायला तिथल्या पोर्सिलेन संग्रहालयात जावं, आणि सवड असेल तर आग्नेयेकडे दाउगाव्पिल्सलाही. १९०३ साली तिथे जन्मलेला आणि लहानपणीच अमेरिकेला गेलेला मार्क रॉथको आज लात्व्हिया आपला मानतो, आणि त्याच्या नावाचं कला संग्रहालय तिथे २०१३पासून जुन्या किल्ल्यात उघडं आहे.